सात नंबरच्या तीन गाड्या

परवाना कार्यालयातल्या तपासनीस बाई चार वाजता येणार होत्या, म्हणून वहिनीने सगळ्यांना दोन वाजताच बस कंपनीच्या गॅरेजवरच्या ऑफिसात बोलावलं. घरी नको, असं तिनेच ठरवलं होतं. घरी माणसं रुसली की आपापल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतात. ऑफिसात खोली एकच आणि दारही एकच. औषधांचं दुकान चालवणारी बाई ती, कुणाला काय आणि किती द्यायचं ते तिला बरोबर कळायचं.

ताई सगळ्यांत शेवटी आली. आली म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आपल्या वेळापत्रकाच्या खोलीतून वीस पायऱ्या चढून आली. पण निवडणुकीपासून सहा आठवडे ती या पायऱ्या चढलीच नव्हती. दादाशी, सख्ख्या थोरल्या भावाशी, तिचं बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. 'तीन नंबरला ड्रायव्हर कमी.' 'बघतो.' 'बघून झालं असेल तर कळवावे.' कंपनीने बसबरोबर टपालही सुरू केलं, असं ड्रायव्हर एकमेकांत म्हणायचे आणि ती दिसली की गप्प व्हायचे.

आज तिच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि गठ्ठा मांडीवरच ठेवला.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे अडीच महिने ते घरी पडून होते, आज पहिल्यांदाच काठी टेकत आले होते. बाजूच्या स्टुलावर मामा बसले होते, बाबांच्या बायकोचे धाकटे भाऊ. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मेहुणा घरचाच राहिला होता. मामा वर्कशॉपचे मुख्य. मुलांनी लहानपणी त्यांना पानामामा हे नाव दिलं होतं, कारण खिशात पाना नसलेले मामा कुणी पाहिले नव्हते. आज त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि खिसा रिकामा होता. हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं.

"वाचते," वहिनी म्हणाली. "छोटंच आहे. 'मतदानाच्या दिवशी सात नंबर मार्गावरच्या तीनही गाड्या ब्रेकच्या बिघाडामुळे बंद होत्या. बिघाडाच्या नोंदवहीत आदल्या संध्याकाळची तशी नोंद आहे.' बस्स. खाली बाबांची सही. परवाना त्यांच्या नावावर आहे, म्हणून त्यांचीच लागते."

"इकडे दे," बाबा म्हणाले.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचला.

"तिन्ही गाड्यांचे ब्रेक एकाच संध्याकाळी गेले?"

दादा खिडकीतून खाली बघत उभा होता.

"एकतीस वर्षांत असं झालं नाही," बाबा म्हणाले. "पाना, नोंद तुझ्या हातची आहे ना?"

"माझ्याच हातची आहे, भावोजी."

"मग खरी आहे."

"खरी आहे," मामा म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

तो नियम बाबांचाच होता. कंपनी नवी होती तेव्हा ड्रायव्हर लोक सासुरवाडीला जायचं असलं की गाडीला आजारी पाडायचे. बाबांनी फर्मान काढलं: बिघडलेला भाग गाडीतून काढून, बिल्ला लावून भिंतीवरच्या खिळ्याला टांगल्याशिवाय नोंदवहीत एक अक्षर लिहायचं नाही. आणि लिहायचं ते फक्त मामांनी. एकतीस वर्षं ती वही मामांनी लिहिली आणि तीत एकही खोटी ओळ नव्हती. मामांना स्वतःबद्दल फारसा अभिमान नव्हता, पण त्या वहीबद्दल होता.

म्हणूनच मतदानाच्या आदल्या दुपारी दादाने त्यांना बाजूला घेऊन, "मामा, सातच्या तीन गाड्या उद्या बिघडल्यात असं लिहा," म्हणून सांगितलं, तेव्हा मामांना घाम फुटला होता. लिहू कसं? भिंतीवर तर काहीच नव्हतं. ते तासभर वर्कशॉपमध्ये येरझारा घालत राहिले. भाच्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं आणि वहीत खोटं लिहिणंही जमणार नव्हतं. शेवटी त्यांनी दोन मेकॅनिक हाताशी घेतले, धडधाकट गाड्या ठोकळ्यांवर चढवल्या, चाकं काढली, ड्रम उघडले आणि तिन्हींचे ब्रेकचे लायनर उपटून काढले. प्रत्येकाला बिल्ला लावला आणि भिंतीवर टांगले. मग हात धुऊन वहीत लिहिलं: लायनर काढले. त्या रात्री आपल्याला चांगली झोप लागली, हे आठवून मामांना आता स्वतःची किळस येत होती.

"पाना, वर बघ," बाबा म्हणाले. "लायनर झिजले होते का?"

"नाही, भावोजी."

"मग काढले कशाला?"

"दादाने लिहायला सांगितलं होतं. आणि काढल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी वहिनीने टाइप केलेला कागद हळूच टेबलावर ठेवला.

"मी फक्त कागदावर बिघडवायला सांगितलं होतं!" दादा वळून म्हणाला. सहा आठवडे हे एकच वाक्य तो मनातल्या मनात घोळवत होता आणि मोठ्याने उच्चारल्यावर ते किती हलकं वाटतं हे त्याला आत्ता कळलं. "मतदानाच्या सकाळी साडेनऊला मी खाली गेलो होतो, बाबा. मामांना विचारा. म्हटलं, पुरे झालं, काढा गाड्या बाहेर. तर गाड्या ठोकळ्यांवर! एका गाडीला चार तास लागणार, म्हणाले. काय करणार होतो मी?"

"आधी काय केलंस ते सांग," बाबा म्हणाले.

मग दादाने सांगितलं. उमेदवार, म्हणजे आता निवडून आलेले साहेब, याच खोलीत, याच टेबलाशी बसून चहा पिऊन गेले होते. माणूस गोड. भिंतीवरच्या जुन्या गाड्यांचे फोटो बघून डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभी असलेली मास्तरीणबाई निवडून आली तर नदीपलीकडे सरकारी बस फुकट सुरू करणार होती. तसं तिने जाहीरच केलं होतं. म्हणजे सात नंबर गेला, आणि सात गेला की मागोमाग चार आणि नऊ. शंभरावर माणसं होती पगारावर. साहेब म्हणाले, मी आहे तोवर तुमच्या मार्गाला हात लागणार नाही. मग दाराशी जाता जाता, चप्पल घालता घालता म्हणाले, त्या दिवशी नदीपलीकडच्या गाड्या जरा आजारी पडल्या तर बरं होईल, नाही का?

"आणि तू काय म्हणालास?"

"हसलो," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "नुसता हसलो, बाबा. हो म्हटलंच नाही. त्यांनी ते हो धरलं, आणि मग मला वाटलं, आता हो म्हटल्यासारखंच आहे."

"यांनी स्वतःसाठी नाही केलं," वहिनी मध्ये पडली. "ड्रायव्हरांच्या घरांचा विचार केला. सगळेच धंदेवाले करतात, बाबा. सिमेंटवाल्यांनी तर त्यांच्या सभेचा मांडव घातला, त्यांना कुणी विचारलं का?"

"मांडवामुळे कुणाचं मत बुडालं नाही, वहिनी," ताई म्हणाली. "हे वाचा."

तिने गठ्ठा टेबलावर टाकला. नदीपलीकडच्या लोकांनी परवाना कार्यालयात दिलेले जबाब होते ते, कंपनीला मिळालेली प्रत. वस्ती रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांची. मतदान केंद्र नदीच्या अलीकडच्या शाळेत, पुलावरून वळसा घालून दहा किलोमीटर. कारखान्याने बारापर्यंतच सवलत दिली होती. बारानंतर जो गैरहजर, त्याचा खाडा.

बाबांनी पहिला कागद घेतला. मग दुसरा. ते तोंडातल्या तोंडात वाचत होते. वहिनी उठून त्यांच्या खांद्यावरून वाचू लागली.

'पहाटेच निघणार होतो चालत. पण बस आहे म्हटल्यावर कशाला, म्हणून थांबलो.' 'सासूबाईंना चालवत नाही. म्हटलं, सातची गाडी कधी चुकत नाही.' 'दुसऱ्या कुणाची गाडी असती तर वाट पाहिली नसती.' 'साडेदहाला निघालो. पुलापर्यंत पोचलो आणि कामाची वेळ झाली म्हणून परत फिरलो.'

तीनशेच्या वर माणसं बसच्या रांगेत होती. मास्तरीणबाई एकशे नव्वद मतांनी पडली होती.

"आपल्यावर विश्वास होता म्हणून गेलं त्यांचं मत," ताई म्हणाली. "आपण लबाड म्हणून प्रसिद्ध असतो ना, तर ते सकाळीच चालायला लागले असते."

बाबांनी डोळ्यांवर हात ठेवला, आणि ताईला आपण जरा जास्तच छान बोललो असं वाटून गेलं. हे वाक्य तिने आदल्या दिवशीच तयार केलं होतं.

"यात एकोणीस नंबरचा जबाब नाही," वहिनी अचानक म्हणाली.

"काय?"

"अठरा आहे, वीस आहे. एकोणीस कुठे गेला?" वहिनीची नजर ताईच्या पर्सवर होती. दुकानात एखादी गोळी कमी भरली तर तिला पाकीट न उघडता कळायचं. "मिळालेच नसतील असं नाही. वर लिहिलंय, एकूण सत्तेचाळीस. हे सेहेचाळीस."

"पडला असेल कुठेतरी."

"चिमणे," बाबा म्हणाले. हे तिचं घरातलं नाव, आणि आता ते फक्त बाबाच घ्यायचे. "दे इकडे."

ताईने पर्सची चेन उघडली. कागदाच्या चार घड्या केलेल्या होत्या. तिने तो बाबांना दिला नाही. स्वतःच उलगडला, पहिली ओळ पाहिली आणि पुन्हा घडी घालू लागली. तो वहिनीने तिच्या हातातून घेतला.

"'मी या कंपनीत चोवीस वर्षं कंडक्टर होतो. लोक मला घंटीकाका म्हणतात. दहा वाजता मी ऑफिसात फोन केला. स्वतः ताईंनी उचलला. म्हणाल्या, काका, गाडी निघाली आहे, पंधरा मिनिटांत पोचेल. मी रांगेला ओरडून सांगितलं की ताईंनी सांगितलंय, कुणी हलू नका. दोन पोरी चालत निघाल्या होत्या, त्यांनाही मीच परत बोलावलं.'"

वहिनी वाचायची थांबली. पुढे एकच ओळ होती, ती तिने मोठ्याने वाचली नाही, पण ताईला ती पाठ होती. 'ताईंचं काही चुकलं नसणार, त्यांनाही कुणी खोटंच सांगितलं असेल.'

"दहाला तुला माहीत होतं?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आशा होती, आणि तीच जास्त लाजिरवाणी होती.

"साडेनऊला तू खाली ओरडलास तेव्हाच मी आले होते गॅरेजात. चाकं काढलेली पाहिली." ताई टेबलाकडे बघत बोलत होती. "फोन वाजला. घंटीकाका होते. अकरा वर्षं मी त्या फोनवर हेच सांगते रे, गाडी निघाली, येतेच आहे. आपली गाडी येणार नाही, हे मला तोंडातून काढता आलं नाही. लाज वाटली. वाटलं, तू चारच्या मार्गावरून एखादी वळवशील. मग पुन्हा फोन वाजला तो मी उचललाच नाही."

"आणि सहा आठवडे मला चिठ्ठ्या पाठवत होतीस," दादा म्हणाला.

"हो."

"मी म्हटलं, एक तरी माणूस घरात स्वच्छ आहे."

"नको ना, दादा."

सहा आठवड्यांत तिने त्याला पहिल्यांदा दादा म्हटलं होतं, आणि ते या कारणासाठी. वहिनीने कागद पुन्हा गठ्ठ्यात एकोणिसाव्या जागी नीट लावून ठेवला आणि खाली बसली. तिची बाजू कुठली हे आता तिलाही कळेनासं झालं होतं.

"मी सही करणार नाही," बाबा म्हणाले. "त्या बाईंना सगळं सांगायचं."

"परवाना जाईल," वहिनी म्हणाली. "आणि यांना अटक होईल, बाबा."

"होऊ दे," दादा म्हणाला. तो खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसला. "बाबांनी कशाला सांगायचं? मीच सांगतो. मला आता हे पोटात ठेवून जेवण जात नाही."

मामा एवढ्या वेळाने हलले. त्यांनी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बाबा सोडून चौघांच्याही मनात, लाज होतीच, पण तिच्या जोडीला थोडं हायसं वाटू लागलं. सांगून टाकायचं एकदाचं. बाबा मात्र मुलाकडे बघत राहिले.

तपासनीस बाई वीस मिनिटं आधीच आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, आणि चहा नको म्हणाल्या. मामांनी वर आणून ठेवलेली नोंदवही त्यांनी उघडली आणि उभ्यानेच चाळली. मग बसल्या. मग मागची पानं उलटून पाहू लागल्या, पाच वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची.

"हे सगळे भाग भिंतीवर असतात?"

"असतात," मामा पुटपुटले.

"मी खाली बघून आले. ते तीनही बिल्ले आहेत, तारखांसकट." त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "खरं सांगू का, मी इथे दुसऱ्याच तयारीने आले होते. अशा तक्रारींत बहुतेक वेळा मालकच मुद्दाम गाड्या थांबवतात. तसं निघालं तर मी सोडत नाही, सरळ फौजदारी. गेल्या वर्षी एकाला दोन वर्षांची शिक्षा झाली. पण अशी वही मी आजवर कुठल्याही कंपनीत पाहिलेली नाही." त्या बाबांकडे बघून हसल्या. "तुमच्यासारख्यांमुळे या नोकरीत बरं वाटतं, आजोबा. फक्त निवेदनावर सही लागेल."

"बाई," दादा उठून उभा राहिला. "मला थोडं सांगायचं आहे."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. दादा एका पायावर भार देऊन उभा होता आणि उजव्या पावलाने डावी पोटरी घासत होता. सात वर्षांचा असताना चूक कबूल करायला समोर आला की तो असाच उभा राहायचा. तेव्हा बाबा त्याला सगळं बोलू द्यायचे, मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत, आणि संपल्यावर डोक्यावर टपली मारून सोडून द्यायचे. आज सोडून देणं त्यांच्या हातात नव्हतं. दोन वर्षं, असं बाई म्हणाल्या होत्या. इतका वेळ बाबांना खरं बोलायचं म्हणजे आपण बोलायचं असं वाटत होतं, आणि ते सोपं होतं. पोराला बोलू द्यायचं हे त्यांच्याने होईना.

"त्याला काय सांगायचंय ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "लोकांचे हाल झाले म्हणून त्याला वाईट वाटतंय. पेन द्या."

"बाबा, नाही," दादा म्हणाला.

"बस खाली."

"बाबा, नका हो करू," ताईही म्हणाली.

तपासनीस बाईंनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. "काही अडचण आहे का?"

"काही नाही. मुलं हळवी आहेत," बाबा म्हणाले. "तिन्ही गाड्यांचे लायनर गेले होते. योगायोग. माझं वय बघा, मी कशाला खोटं बोलू?"

आणि त्यांनी सही केली. पूर्ण नाव, सावकाश, नेहमीसारखीच ठसठशीत. खाली तारीख घातली. वेळही विचारून लिहिली.

बाईंनी कागद फाइलमध्ये घातला, जाताना वाकून नमस्कार केला, आणि नदीपलीकडच्या लोकांना आपण समजावून सांगू असं म्हणाल्या. त्यांच्या चपला पायऱ्यांवर वाजत खाली गेल्या. गाडी सुरू झाली. गेली.

दादा खुर्चीत बसून होता. त्याला हवी होती ती सही त्याला मिळाली होती. सकाळी यासाठी तो बाबांच्या पाया पडायला तयार होता. वहिनी रडत होती, आणि ते सुटकेचं रडणं होतं म्हणून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मामांनी नोंदवही उचलली, छातीशी धरली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा टेबलावर ठेवून दिली.

"मी सांगणार होतो, बाबा," दादा म्हणाला.

"मला दिसलं ते."

"मग का केलंत?"

बाबांनी काठी शोधली. ती खिडकीला टेकून ठेवली होती आणि त्यांच्या हाताला येत नव्हती. दादा झटकन पुढे झाला, पण काठी द्यायच्या ऐवजी त्याने हातच पुढे केला. बाबांनी तो झिडकारावा अशी त्याची फार इच्छा होती. चारचौघांत झिडकारावा, चार शब्द ऐकवावेत, तोंड दाखवू नकोस म्हणावं.

बाबांनी हात घट्ट धरला. ते दोघे पायऱ्या उतरू लागले, एकेक पायरी, दर पायरीला थांबत. खाली, त्या संध्याकाळी गाड्या ठोकळ्यांवर चढवणारे ते दोन मेकॅनिक काम टाकून उठून उभे राहिले होते. बाबा आले की नेहमीच राहायचे.

"काय झालं, बाबा?" एकाने विचारलं.

"काय व्हायचंय? बिघाड होता, तो सांगितला," बाबा म्हणाले, आणि बोलताना दोघांच्याही डोळ्यांत बघायचा त्यांनी प्रयत्न केला.

दोघांनी माना खाली घातल्या. बाबांच्या हातावरची दादाची पकड सैल झाली, पण बाबांनी काही सोडलं नाही. मुलाचा हात धरून ते त्या दोघांच्या समोरून दारापर्यंत चालत गेले.